देवबागची अर्धी सिगार

‘राखणदारान आज पण अर्धीच वडली,’ काशीआते म्हणाली.

‘हळू बोल गो. पावणे उठले आसतले.’

‘मी हळूच बोलतंय. तेना ठेवलेली अर्धी तू खंय लपवतलस ता बघ.’

मी विहिरीवर तोंड धूत होते. ती आणि आमचे यजमान जगूभाई परसातल्या फणसाखाली होते आणि मध्ये फक्त झावळ्यांचं कुंपण होतं. पाहुणे म्हणजे मी आणि माझे वडील. मी तांब्या आवाज न करता खाली ठेवला आणि ओल्या तोंडानेच घरात आले. ऐकलेलं ऐकलं नाही असं दाखवायची मला शाळेपासून सवय आहे.

राखणदार म्हणजे त्या जागेचा रक्षणकर्ता. फणसाच्या बुंध्याशी एक काळा ओबडधोबड दगड आहे, तोच तो. जगूभाईंच्या घरी सिगारांची नवी खेप तयार झाली की तिच्यातली पहिली सिगार पेटवून त्या दगडावर ठेवतात, दोन शब्द बोलतात आणि मागे न बघता निघून येतात. सकाळी नुसती राख उरलेली दिसली तर ती राखणदाराने ओढली, खेप मान्य. नाही तर दुसऱ्या दिवशी पुन्हा ठेवून विचारायचं. आमच्या गिरगावात नवं दुकान उघडलं तर नारळ फुटतो, पेढे वाटले जातात, पण देवाला ते आवडले का हे सकाळी उठून कोणी तपासत नाही. देवबागला तपासतात. आणि काशीआतेला सलग दुसऱ्या सकाळी अर्धी विझलेली सिगार मिळाली होती.

ही गोष्ट पपांना सांगावी की नाही, हे ठरवण्यातच माझा तो सगळा दिवस गेला. त्यांना विश्रांतीची गरज होती. खरं तर मलाही होती.

कशासाठी गेलो

पपा फोर्टातल्या एका सिगारच्या दुकानात आहेत. ते विकत नाहीत. ते ओढून सांगतात. ही ठेवा, ही परत पाठवा, ही आणखी वर्षभर पेटीत राहू दे. ऐकणाऱ्याला हे काम चैनीचं वाटतं. माझ्यासाठी स्थळं येतात तेव्हा आई मात्र ‘तंबाखूच्या व्यवसायात आहेत’ एवढंच म्हणते आणि पटकन चहा पुढे करते.

परदेशी सिगार येणं बंद झाल्यापासून दुकानातली काचेची कपाटं रिकामी होत चालली. शेठना आता असा देशी माल हवा होता की जुन्या गिऱ्हाइकांनी नाक मुरडू नये. अशात मालवणजवळच्या देवबागहून एक पेटी आली. पाठवणारे जगूभाई. बोटीवर स्टुअर्ड म्हणून त्यांचा जन्म गेला. मनिला, रंगून अशा बंदरांत त्यांनी सिगार वळणाऱ्यांच्या शेजारी बसून ती कला उचलली आणि आता गावी परतून चार बायकांना हाताशी घेऊन ते सिगार वळत होते. पण नुसत्या तंबाखूच्या नव्हेत. कोकम आणि जायफळ मुरवलेल्या. शेठनी पेटी उघडली, वास घेतला आणि पपांना म्हणाले, ‘तिथे जा. ताजी ओढून बघा. तुम्ही हो म्हणालात की सगळा माल मी उचलतो, नाही म्हणालात की विषय संपला.’

पपांच्या ‘हो’ला इतकी किंमत होती. अडचण एवढीच होती की पपांना वास येत नव्हता.

त्यांनी हे कोणाला सांगितलं नव्हतं. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. पूर्वी पपा जिना चढताना दुसऱ्या मजल्यावरूनच ओरडायचे, ‘आज मेथी!’ नाहीतर ‘डाळ लागली बघा खाली!’ पावसाळ्यात त्यांना न्यूमोनिया झाला. बरे होऊन ते पुन्हा कामावर जाऊ लागले, पण संध्याकाळी जिन्यात गप्प असत. मला वाटलं, दम लागत असेल. मग एकदा दूध उतू जाऊन करपलं, घरभर वास झाला आणि ते शेजारच्या खोलीत पेपर वाचत बसलेले. मी दारातून पाहत होते. त्यांनी मान वर केली नाही. आईच्या लक्षात आलं होतं का, माहीत नाही. निघताना ती मला एवढंच म्हणाली, ‘तू जा बरोबर. त्यांना एकटं सोडू नकोस.’

बोटीवर कठड्याला टेकून पपा म्हणाले, ‘ही एवढी पेटी बघतो, बेबी. मग शेठना सांगतो, आता पुरे.’

काय पुरे, ते मी विचारलं नाही. पण मला भीती कशाची होती ते मला नीट माहीत होतं. इतकी वर्षं त्यांनी न पटलेल्या मालाला कधी हो म्हटलं नव्हतं. आता शेवटच्या पेटीला ते अंदाजाने काहीतरी म्हणणार होते, आणि हे त्यांना स्वतःला कळणार होतं.

मालवण

बोटीचा प्रवास सांगत नाही. ज्यांना बोट लागते त्यांना तो माहीत आहे आणि ज्यांना लागत नाही त्यांना सांगून पटणार नाही.

मालवणला बोट दूर पाण्यात उभी राहते आणि माणसांना पडावात उतरवतात. उजव्या हाताला समुद्रातला किल्ला, समोर माडांची रांग, आणि मध्ये वरखाली होणारा पडाव. तो वर येईल त्या क्षणी पाय टाकायचा. मी तो खाली जाताना टाकला. मला कोणीतरी दंडाला धरून आत ओढलं, पण डाव्या पायातली चप्पल समुद्रात गेली.

‘रवांदे, बाय,’ खलाशी म्हणाला. ‘समुद्राक पण कधीतरी चप्पल व्हयी.’

‘मगे दुसरी पण टाक गो,’ मागून एक म्हातारा म्हणाला. ‘एका चपलेन तो काय करतलो?’

सगळे हसले. मला हसता आलं नाही, नाराजीही दाखवता आली नाही. पुढचे सगळे दिवस मी पपांच्या जास्तीच्या सपातांमध्ये फटक फटक करत हिंडले. जाणाऱ्यांनी दोन जोड न्यावेत.

जगूभाई किनाऱ्यावर उभे होते. पांढरी पँट, कॅनव्हासचे बूट, डोक्यावर बोटीवरची टोपी. ‘वेलकम, साहेब,’ ते म्हणाले आणि पपांची बॅग अशी अलगद उचलली जणू आत काचेचं सामान आहे. त्यांचं पपांशी बोलणं पुस्तकी मराठीत आणि बैलाशी बोलणं मालवणीत, हे गाडीत बसल्यावर लक्षात आलं. वाळूतून गाडी इतकी हळू जात होती की शेजारून पायी जाणारी माणसं आमच्याशी गप्पा मारून पुढे निघून जात. पपा झोपले. जगूभाईंनी त्यांच्या मानेखाली आपली टोपी घडी करून ठेवली.

देवबाग

देवबाग म्हणजे वाळूची एक लांब जीभ. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्लीची खाडी. घराच्या पुढच्या दारात लाटा ऐकू येतात आणि मागच्या दारी होड्या उलट्या घालून ठेवलेल्या दिसतात. पहिला दिवस हे सुंदर वाटतं. मग कळतं की आपण चारी बाजूंनी मिठात आहोत. साडी वाळली तरी कडक राहते, केसांचा झाडू होतो, ओठ चाटला तरी खारट. विहिरीचं पाणीही थोडं मचूळ आहे. तिथल्या माणसांना ते जाणवत नाही.

काशीआते ही जगूभाईंची विधवा आत्या. घर तिचंच असल्यासारखी ती वागते, आणि बहुधा ते तिचंच आहे. तिने चहा आणून दिला, पपांनी पहिला घोट घेतला आणि कप खाली ठेवला. मीही घेतला. चहा मचूळ होताच. आम्ही दोघांनी एकमेकांकडे न बघता तो संपवला.

काशीआते ओटीच्या पायरीवर बसली आणि कनवटीची जाडी विडी काढून तिने पेटवली. मग पेटतं टोक तोंडात आत धरून ती शांतपणे ओढू लागली. मी बघत राहिले असेन.

‘काय बघतस गो? रापणीर वारो आसता. भायल्यान धरली तर इजता,’ ती म्हणाली. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढतात ते मोठं जाळं. तिचं तरुणपण ते ओढण्यात गेलं. ‘तुझ्या मुंबैत बायलो वडीत नाय?’

मी मान हलवली.

‘तुका बोलूक येता मां? का तोंड शिवल्यानी शाळेत?’

पपा बऱ्याच दिवसांनी हसले. आमच्या कॉन्व्हेंटात मुलींनी मोठ्याने बोललेलं चालत नसे, हे तिला सांगायला मला मालवणी यायला हवी होती.

दुपारी जगूभाईंनी आम्हाला मागची शेड दाखवली. चार बायका पाटावर पानं पसरून बसल्या होत्या. आतला तंबाखू निपाणीचा, वरचं गुंडाळायचं पान दक्षिणेकडचं. पानांवर एक लालभडक रस शिंपडून ती आढ्याखाली टांगतात. सुकत आली की जायफळ उगाळलेलं गुळाचं पाणी हाताने फिरवतात. मग वळून फणसाच्या लाकडाच्या पेटीत मुरायला ठेवतात.

‘मनिलाला रममध्ये मुरवतात, साहेब,’ जगूभाई म्हणाले. ‘आपल्याकडे दारूबंदी. म्हटलं, आपलं कोकम काय वाईट आहे? कोकमाचा रस, जायफळ, थोडा गूळ. बस्स.’

पेटी उघडली आणि मला तिथेच बसावंसं वाटलं. तंबाखूचा इतका चांगला वास मी कधी घेतला नव्हता. आधी जायफळ, दसऱ्याच्या श्रीखंडात घालतात तसं, उबदार. त्याच्यामागून कोकमाचा आंबट, तांबडा वास. आणि सगळ्यांच्या तळाशी ओल्या पानांचा, कौलाखालच्या अंधाराचा.

पपांनी सिगार कानाजवळ नेऊन बोटांनी दाबली, रंग पाहिला, टोक कापलं आणि न पेटवताच एक झुरका घेतला. काडीतला गंधक जळून जाऊ दिला आणि मग नुसत्या लाकडाच्या ज्योतीवर हळूहळू फिरवत ती पेटवली. हे सगळं ते पूर्वीसारखंच करत होते. मी शेजारी पाण्याचा पेला आणि राखेची बशी घेऊन बसले. पहिला धूर सोडून ते थोडे थांबले.

‘छान,’ ते म्हणाले. ‘कोकम आहे. जायफळ आहे. गूळ मागे राहतो.’

जगूभाईंचा चेहरा उजळला. मी बशीकडे बघत राहिले. पपांनी जगूभाईंचेच शब्द, त्यांच्याच क्रमाने परत दिले होते.

सिगारीचे तीन भाग मानतात. पहिला भाग ओळख करून देतो, मधला खरं बोलतो, शेवटचा ताकद दाखवतो. ही सिगार पहिल्या भागात गुण्यागोविंदाने जळली. मधल्या भागात राख काळपट पडली, बाजूने सुटू लागली, आणि बरोबर अर्ध्यावर ती विझली.

‘वारा,’ जगूभाई म्हणाले आणि घाईने काडी ओढली.

पुन्हा पेटली, पुन्हा विझली.

तेच, पुन्हा

दुसऱ्या दिवशी, म्हणजे ज्या सकाळी मी विहिरीवर ते बोलणं ऐकलं त्या दिवशी, सगळ्या खिडक्या लावून माजघरात बसलो. नवी सिगार. अर्ध्यावर विझली. तिसऱ्या दिवशी जगूभाईंनी एक ताटली भरून सिगार उन्हात ठेवल्या, दमट झाल्या असतील म्हणून. काशीआते जाता-येता ताटलीकडे बघून म्हणायची, ‘बांगडे सुकत घातलंस काय रे?’ त्यातली एक पपांनी ओढली. तीही अर्ध्यावर गेली.

‘पान समुद्राकाठच्या जमिनीतलं तर नाही?’ पपांनी विचारलं. ‘खाऱ्या जमिनीतला तंबाखू नीट जळत नाही.’

‘नाही, साहेब. निपाणीचा. घाटावरचा. मी स्वतः जाऊन आणला.’

पपांनी मान हलवली आणि डोळे मिटले. ते फार थकलेले दिसत होते. जगूभाईही. एखादी गोष्ट चांगली आहे हे माहीत असून ती दाखवता न येणं माणसाला चालण्यापेक्षा जास्त दमवतं. शेडमधल्या बायका आम्ही गेलो की बोलणं थांबवत. त्यांनाही माहीत होतं की पपा एक शब्द बोलणार आहेत.

जेवण मात्र दर वेळी उत्तम. सकाळी उकड्या तांदळाची पेज, दुपारी भात, बांगड्याचं रश्शाचं तिखलं आणि कोकमाची गुलाबी कढी. पपा सगळं सारख्याच वेगाने खात. काशीआतेने एकदा विचारलं, ‘सायबानू, तिखला बरा झाला मां?’

‘फार छान.’

‘आज तिखला नाय, आज सुक्या केलंय,’ ती म्हणाली. मग तिने पपांच्या पानाकडे, आणि मग माझ्याकडे पाहिलं. मी नजर काढून घेतली. तिने पपांच्या भातावर आणखी एक पळी कढी वाढली.

संध्याकाळी पपा आणि मी किनाऱ्यावर गेलो. रापण ओढून झाली होती. माणसं जाळं झटकत होती आणि कावळे त्यांच्याहून जास्त आरडाओरडा करत होते. आम्ही एका उलट्या होडीवर बसलो.

‘बेबी,’ पपा म्हणाले, ‘तुला माहीत आहे ना?’

‘हो.’

‘केव्हापासून?’

‘दूध करपलं होतं तेव्हापासून.’

त्यांनी मान हलवली.

‘मला ती सिगार खारट लागते,’ ते म्हणाले. ‘अगदी पहिल्या दिवसापासून. पण सिगार कधी खारट असते का? मला इथला चहा खारट लागतो, पाणी खारट लागतं. आंबट आणि खारट, एवढंच काय ते जिभेवर उरलंय. त्या माणसाला मी काय सांगू? माझ्या आजारपणाची चव त्याच्या मालाला लावू?’

‘चहा खरंच खारट आहे, पपा.’

‘असेल. पण मला आता कशावरून काय कळणार?’ ते उठले. त्यांच्या धोतराला मागे वाळू लागली होती, मी ती झटकली. ‘उद्या हो म्हणून टाकतो. विझते ती हवेमुळे. मुंबईत नीट जळेल.’

मला त्यांना थांबवायचं होतं. पण सांगण्यासारखं काही माझ्याकडे नव्हतं, आणि खात्री नसताना तोंड उघडायची मला सवय नाही.

निघायची सकाळ

दुपारी मालवणला बोट होती. काशीआते आमच्यासाठी वाटेचं जेवण करत होती आणि मी चुलीपाशी तिला नारळ खवून देत होते. तिने नारळाचं दूध काढलं, फडताळातली काचेची बरणी उतरवली आणि त्यात पळीभर लालभडक रस ओतला. कढी झाली.

आमच्याकडे आई आमसुलं भिजत घालते, कुस्करते, गाळते आणि शेवटी चिमटीने मीठ टाकून चव बघते. म्हणून मी मिठाची वाटी तिच्यापुढे सरकवली.

‘मीठ कित्याक?’ काशीआते म्हणाली. ‘ह्या आगळ. आगळात मीठ आसताच.’

मी बरणी हातात घेऊन पाहिली.

‘उन्हाळ्यात कोकमां येतत, तेंचो रस मिठात घालून ठेवतत. नायतर वरीसभर टिकतला कसा?’ ती मला लहान मुलीला सांगावं तसं सांगत होती. ‘बिनमिठाचा आगळ कोणी बघूक पण नाय.’

मी उठून, हात न धुताच, मागच्या शेडकडे गेले. पपांच्या सपाता फटक फटक करत होत्या. बायका पानं टांगत होत्या. कोपऱ्यात तशीच बरणी होती, फक्त मोठी. मी त्यात करंगळी बुडवली आणि चाटली.

जगूभाईंनी आम्हाला कोकमाचा रस म्हणून सांगितलं होतं. खोटं सांगितलं नव्हतं. पाहुण्यांच्या भाषेत आगळाला तेच म्हणतात. आणि त्यात मीठ आहे हे त्यांच्या मनातही आलं नसेल, जसं विहीर मचूळ आहे हे त्यांच्या मनात येत नाही. त्या घरात रस म्हणजे आगळ, आणि आगळ म्हणजे मीठ आलंच.

पण माझं बोटही चार दिवस तिथल्या हवेत होतं आणि माझी जीभही. तेवढ्यावरून मी काय बोलणार होते?

ओटीवर सगळे जमले होते. सामान पायरीशी. गाडी उभी. जगूभाईंनी वाटेसाठी शहाळी उतरवली होती, त्यातली दोन तोंड कापून ठेवलेली. शेडमधल्या बायका हात पुसत दारात येऊन उभ्या राहिल्या. पपांच्या हातात शेवटची सिगार होती, अर्ध्याच्या जवळ आलेली. राख काळी पडत होती.

‘साहेब,’ जगूभाई म्हणाले. टोपी काढून त्यांनी हातात धरली होती. ‘आता काय तां सांगा. चांगलं वाईट, दोन्ही चालेल.’

‘जगूभाई,’ पपा म्हणाले, ‘तुमचा माल…’

त्यांचा चेहरा मी पाहिला. ते हो म्हणणार होते. न पटलेल्या मालाला, पहिल्यांदा.

मी शहाळं उचललं आणि पायरीवर उभ्यानेच प्यायले. चार दिवसांत पहिल्यांदा तोंडात मीठ नव्हतं. मग दुसरं शहाळं मी पपांपुढे धरलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. का ते त्यांना कळलं असावं, कारण त्यांनी गुळणी करावी तसा घोट तोंडात फिरवला, गिळला आणि सिगारीचा एक झुरका घेतला. त्यांच्या भुवया वर गेल्या.

मी त्यांच्या हातातून सिगार घेतली.

दारातल्या बायकांपैकी कोणीतरी ‘अगो बाय’ म्हणालं. जगूभाईंनी टोपी पुन्हा डोक्यावर घातली आणि पुन्हा काढली. मुंबईत हे आईला कळलं तर माझ्यासाठी यापुढे एकही स्थळ येणार नाही, असं माझ्या मनात येऊन गेलं.

‘धूर गिळू नको गो,’ काशीआते पायरीवरून म्हणाली, जणू मी पोहायला उतरत होते. ‘तोंडात धर. मगे सोड.’

मी धरला. आधी जायफळ आलं, वासापेक्षा कडक. मग कोकमाचा आंबटपणा गालांच्या आत लागला, चांगला लागला, खरंच चांगला. मग तंबाखू, जड, जरासा भाजलेल्या काजूसारखा. डोळ्यांत पाणी आलं, खोकला आला, तो मी दाबला. पपा माझ्या तोंडाकडे बघत होते, तसे पूर्वी ते फक्त सिगारच्या टोकाकडे बघायचे. धूर सोडला आणि वाट पाहिली. मागे काय राहतं ते बघायचं, असं ते नेहमी म्हणतात.

मागे राहिलं ते जिभेच्या कडांना आणि ओठांना, जिथे शहाळ्याची गोडी होती तिथे. समुद्रातून बाहेर आल्यावर ओठ चाटावेत तसं. हातातली सिगार तेवढ्यात विझली.

‘काय गो?’ काशीआते म्हणाली. ‘बोल आता. तोंड उघडलंस तर बोलून टाक.’

माझा आवाज मला वाटलं होतं त्यापेक्षा मोठा निघाला.

‘आगळात मीठ असतं, जगूभाई,’ मी म्हणाले. ‘म्हणून ती अर्ध्यावर विझते. खारट आहे ती. पपांना पहिल्या दिवशीच लागली होती.’